‘मी साधा पोट्टा, माह्यात काय अभ्यासाचं?’

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आलेलं हे पत्र. नाव-गाव गाळलं आहे आणि थोडं आखडलं आहे, भाषा मात्र लिहिणाऱ्याचीच ठेवली आहे.

‘ताई, मी २९ वर्षांचा आहो. बी.ए. झालो, आता वावर पाहतो. पाच एकर कोरडवाहू. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. मोठ्या बहिणीनं लग्न झाल्यावर हक्कसोड करून देल्ला म्हणून सातबारा माह्या एकट्याच्या नावावर आहे. चार वर्षांत अकरा जागी पाहणी झाली. पोरगा चांगला आहे, निर्व्यसनी आहे, सगळे म्हणतात. अन् मंग निरोप येते, “नोकरी पाहिजे होती.” एका जागी मुलीचा मामा म्हणे, पुण्याले कंपनीत काऊन जात नाही? मी गेलो तर वावर कोण पाहीन? आईचे गुडघे गेले, घरात बाई पाहिजे. आता एक मध्यस्थ म्हणते का दीड लाख दे, बाहेरच्या राज्यातली पोरगी आणून देतो.

पोळ्याले काकाची पोरगी घरी आली होती. नागपूरले स्त्री-अभ्यासात एम.ए. करते. कशाचा अभ्यास करतं म्हणून विचारलं, तर म्हणे भिन्नलिंगी असण्याचा. बाई-माणसाची जोडी समाजानं कशी घडवली त्याचा. मी म्हटलं, गे लोकाइचा अभ्यास समजू शकतो, त्याइले तरास असते. पण आमच्यासारख्या साध्या लोकाइत काय अभ्यासाचं? मी साधा पोट्टा आहो, मले बायको पाहिजे, हे तं देवानंच देल्लं. ती म्हणे, “दादा, तुह्यं लग्न जुळून नाही राह्यलं हे बी त्याच अभ्यासात येते.” समद्यांसमोर बोलली. मले लय लागलं. मी म्हटलं, तुह्यासंग बी कोणी लग्न करणार नाही. ती ताटावरून उठून गेली. आता फोन उचलत नाही.

ताई, माही इच्छा खोटी आहे का? चुकलं कोण? अन् पुढच्या महिन्यात आर्णीकडे पाहणी आहे, तिथं काय बोलू?’

भाऊ,

तुमची इच्छा खोटी नाही. दिवसभर पाठीवर पंप घेऊन फवारणी करून आलेल्या माणसाला संध्याकाळी कोणीतरी आपलं असावं वाटतं. अंगाची ओढ असते, बोलायची भूक असते. यात लाजण्यासारखं काही नाही. आणि जेवढं मला तुमच्या पत्रातून कळतं, त्यावरून तुमच्या चुलत बहिणीनंही त्या इच्छेला खोटं म्हटलेलं नाही. तिनं वेगळं काही सांगितलं, पण ते ताटावर बसलेल्या माणसांसमोर सांगितलं, आणि अकरा नकार पचवलेल्या माणसाला ते चटका देऊन गेलं. बोलण्याची वेळ तिची चुकली. उत्तर मात्र तुमचं चुकलं, त्याकडे मी शेवटी येते.

तिच्या अभ्यासातलं एक साधं सूत्र सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही. स्टीव्ही जॅक्सन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९०च्या दशकात मांडलं की भिन्नलिंगी असणं म्हणजे एकच गोष्ट नव्हे. त्यात व्यवस्था असते, ओळख असते, रोजचं वागणं असतं आणि अनुभव असतो. एकमेकांत गुंतलेलं, पण वेगवेगळं. आता हे तुमच्या गावात आणून पाहा. एसटीत समोर बसलेल्या मुलीकडे पाहून तुमच्या छातीत काही हललं, तो अनुभव. ‘मी साधा पोट्टा’ असं तुम्ही लिहिता, ती ओळख. ती इतकी आपसूक की तिला तुम्ही नावही देत नाही, नुसतं ‘साधा’ म्हणता. घरात भाकर कोण टाकतं आणि शेवटी कोण जेवतं, ते रोजचं वागणं. आणि बायोडाटा, जात, सातबारा, मामाचा प्रश्न, साक्षगंध, मध्यस्थाचे दीड लाख, बहिणीचा हक्कसोड, ही सगळी व्यवस्था.

छातीत हललं ते तुमचं आहे. बाकीच्यांतलं बरंच काही तुम्ही जन्मायच्या आधीच कोणीतरी ठरवून ठेवलं होतं. तुमची बहीण त्या ठरवलेल्याचा अभ्यास करते. गे आणि लेस्बियन माणसांवर ही व्यवस्था उघड उघड लाठी चालवते म्हणून त्यांना ती आधी दिसली. तुमच्या-आमच्या अंगवळणी पडली म्हणून दिसली नाही, इतकाच फरक.

‘देवानंच देल्लं’ असं तुम्ही म्हणता. ओढीबद्दल मी वाद घालणार नाही. पण ‘हेटरोसेक्शुअल’, म्हणजे भिन्नलिंगी, हा शब्द पाहा. तो आणि ‘होमोसेक्शुअल’ हे दोन्ही शब्द एकाच माणसाच्या लेखणीतून आले. कार्ल-मारिया कर्टबेनी या हंगेरियन लेखकानं १८६८ साली एका पत्रात ते वापरले. पुढे अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टरच्या मोठ्या शब्दकोशात १९२३ साली ‘हेटरोसेक्शुअॅलिटी’ शब्द आला, तेव्हा त्याचा अर्थ भिन्नलिंगी व्यक्तीबद्दलची विकृत कामवासना असा दिला होता. १९३४च्या आवृत्तीत तीच गोष्ट सर्वसामान्य ठरली. जोनाथन नेड कॅट्झ या अमेरिकन इतिहासकारानं ही सगळी कथा खणून काढली. बाई-माणसं त्याआधीही एकमेकांवर जीव टाकतच होती. पण सगळ्या माणसांची दोन जातींत वाटणी करायची आणि एका जातीला ‘नॉर्मल’चा शिक्का मारायचा, ही रीत तुमच्या पणजोबांच्या काळात, दूरच्या देशांत तयार झाली. आज तुम्ही तिलाच अनादि म्हणता आहात.

१९८०मध्ये एड्रियन रिच या अमेरिकन कवयित्रीनं एक निबंध लिहिला. तिचा सवाल मला आजही सुटलेला नाही. तिचं म्हणणं असं की बाईनं पुरुषाकडेच ओढलं जाणं जर इतकं निसर्गाचं आहे, तर त्यासाठी इतकी सक्ती का लागते? तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठली सक्ती? मोजा. मुलगी बारावी झाली की ‘आता हिचं पाहा’. पंचविशी उलटली की ‘काही दोष आहे का’. नवरा वारला की कपाळ पुसा. मूल झालं नाही की वांझ. पोरगा चुलीजवळ दिसला की बायल्या. तिशीत आला की पारावरची माणसं कुजबुजतात, ही कुजबुज तुम्हीही ऐकली असेल. आणि ज्याला बाईची ओढच नाही असाही कोणी गावात असतो. त्याच्या गळ्यात घरचे हार घालायला लावतात, मग एक मुलगी आयुष्यभर स्वतःलाच दोष देत राहते. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान माणसांमधले संमतीचे समलिंगी संबंध, त्यांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून बाहेर काढले. पण निकाल गावच्या बैठकीत पोचायला वेळ लागतो.

आता तुमच्या अकरा नकारांकडे येऊ, कारण खरी गाठ तिथं आहे.

९ मे १९१६ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एक २५ वर्षांचा विद्यार्थी जातीवर निबंध वाचायला उभा राहिला. भीमराव आंबेडकर. त्यांनी मांडलं की जातीचा जीव जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. मग कुंपणाच्या आत लग्नाजोगे पुरुष आणि लग्नाजोग्या बायका सारख्याच लागतात. नवरा मेला की बाई ‘शिल्लक’ उरते, बायको मेली की पुरुष ‘शिल्लक’ उरतो. त्या शिल्लक बाईला जाळायचं किंवा जन्मभर विधवा ठेवायचं, आणि शिल्लक पुरुषाला लहान मुलगी द्यायची. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह, ही सगळी हिशेब जुळवायची साधनं होती. लग्न ही खाजगी आणि नैसर्गिक गोष्ट आहे असं आपण समजतो, त्यांनी ती ताळेबंदासारखी उलगडून दाखवली. तीसुद्धा रिचबाईच्या ६४ वर्षं आधी.

भाऊ, आज त्या ताळेबंदात शिल्लक तुम्ही आहात. हे वाचून पुन्हा लागेल, पण तुम्ही कमी आहात असं मी म्हणत नाही. हिशेबच असा मांडला गेला आहे. २००१च्या जनगणनेत, म्हणजे तुम्ही लहान असताना, महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. त्याआधीच्या १९९१च्या गणनेत ९४६ होत्या आणि २०११मध्ये ८९४वर आल्या. ज्यांनी सोनोग्राफीचं मशीन वापरून लेकी नाकारल्या, त्यांनी मुलांना वंशाचा दिवा म्हणून जन्माला घातलं, आणि आता त्याच दिव्यांसाठी मुली शोधत गावोगाव फिरताहेत. त्यावर पुन्हा जातीचं कुंपण, पोटजातीचं कुंपण, सात-बारा-नोकरीचं कुंपण. २०२२च्या डिसेंबरात सोलापुरात लग्न न जुळणाऱ्या तरुणांनी बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा, ही त्यांची मागणी होती. अनेक जण हसले. मला त्या पोरांचा हेवा वाटला, कारण आपलं एकटेपण हे आपल्या नशिबाचं नसून समाजाच्या करणीचं आहे हे त्यांनी भर रस्त्यात सांगितलं. तुमच्या बहिणीनं पोळ्याला नेमकं हेच सांगितलं होतं.

पण हिशेबाची दुसरी बाजूही वाचा. मुलगी नकार का देते? तुम्ही लिहिता ‘नोकरी पाहिजे होती’, जणू तिला पगाराची हाव आहे. मी वर्धा जिल्ह्यातल्या कापसाच्या गावात वाढले. माझी आई पहाटे पाणी भरायची, भाकरी थापायची, मग ओटी बांधून वेचायला जायची. निंदण बायांचं, वेचा बायांचा, आणि मजुरी पुरुषापेक्षा कमी. कापूस विकला की पैसा वडिलांच्या हातात, कर्जाचं टेन्शन मात्र दोघांचं. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, म्हणून सरकारदरबारी ती शेतकरीही नव्हती, शेतकऱ्याची बायको होती. विदर्भात नवऱ्यानं गळफास घेतल्यावर ज्या बाया मागे राहिल्या, त्यातल्या अनेकींना जमीन आपल्या नावावर करून घेण्यासाठी सासरच्यांचे पाय धरावे लागले. हे गावातल्या प्रत्येक मुलीनं पाहिलेलं असतं. आईच्या हातांच्या भेगा पाहिलेल्या असतात. ती तुम्हाला नाकारत नाही, आईचं आयुष्य नाकारते. तिच्यापुढे त्यातून बाहेर पडायचा एकच दरवाजा ठेवलाय, नोकरीवाला नवरा. तिला शिकवून, तिच्याच नावावर काही करून, दुसरा दरवाजा उघडायचं कोणाच्या मनात आलं नाही.

मलाही पाहायला लोक यायचे. एकांनी चालून दाखव म्हटलं होतं. एकांनी काळा रंग आहे म्हणून मध्यस्थाकरवी जास्तीचं मागितलं. तेव्हा पोह्यांची ताटली धरून माझे हात थरथरायचे. आज पाहणीनंतर तुम्ही निरोपाची वाट पाहत बसता, तेव्हा कुठेतरी त्याच जागी बसलेले असता. फरक एवढाच की तुम्हाला चालून दाखवायला कोणी सांगत नाही.

हे सगळं बदलेल का, असं तुम्हाला वाटत असेल. भाऊ, ‘पूर्वीपासून असंच’ हे आपल्या भागात तरी खोटं आहे. माझी आजी सांगायची की तिच्या लहानपणी मुलाकडचेच मुलीच्या बापाला देज, म्हणजे वधूमूल्य, द्यायचे. हुंडा नंतर आला, पोरं शिकून नोकरीला लागली तसा वाढला, आणि आता आपण त्याला रीत म्हणतो. वऱ्हाडात कुणबी, माळी, तेली अशा कितीतरी जातींत विधवेचा पाट लागत असे, काडीमोडही होत असे. वरच्या म्हणवणाऱ्या जातींसारखं दिसण्याच्या हौसेनं आपणच ते हलकं मानून सोडून दिलं. गोंड समाजात काही ठिकाणी होणाऱ्या जावयानं सासऱ्याच्या घरी राहून राबायची रीत आहे, त्याला लमसेना म्हणतात. म्हणजे तिथं पोरगाही सासरी जातो. बाई-माणसाची जोडी तीच, ओढ तीच, पण कोण कोणाच्या घरी जातं, कोण कोणाला काय देतं, सोडून जाता येतं की नाही, हे दर पन्नास कोसांवर वेगळं.

आणि ज्यांनी हे बदलायचा हट्ट धरला, तेही आपल्याच मातीतले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८१मध्ये सुरतेच्या एका विधवेला मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे बदलली गेली, पण वर्तमानपत्रं बायकांच्या चालचलणुकीवर तुटून पडली. तेव्हा ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं, १८८२ साली. जो दोष बाईत दाखवता, तो पुरुषात नाही का, असा सगळा रोख. बाई-पुरुषाच्या नात्याचा फेरविचार म्हणून आज विद्यापीठात जे शिकवतात, त्याची एक सुरुवात बुलढाण्याला झाली आहे, हे तुमच्या बहिणीला नक्की माहीत असेल. तुम्हालाही माहीत असावं, म्हणून लिहिते. जुलै १९४२मध्ये नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, हजारो बाया जमल्या. तिथं बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं की लग्नाची घाई करू नका, आणि केलंत तर नवऱ्याची मैत्रीण, त्याच्या बरोबरीची म्हणून उभ्या राहा, दासी होऊ नका. त्या बायांत शेतमजूर होत्या, गिरणीत काम करणाऱ्या होत्या. मोठ्या शहरातल्या शिकलेल्यांचं हे खूळ आहे असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी ही परिषद सांगते.

शेतकरी पुरुषांनीही हे केलेलं आहे, हे तर तुम्हाला मुद्दाम सांगायला हवं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं चांदवडच्या १९८६च्या महिला अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला. ज्या घरच्या लक्ष्मीनं राबून आपल्याला जगवलं तिचं ऋण फेडायचं, म्हणून नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायचा. अनेक गावांत दिला. ते बिल्लेवाले, रस्ता रोको करणारे, रांगडे शेतकरी होते. त्यांचं पुरुषपण काही त्यानं कमी झालं नाही.

आता तुमच्या घरातलं बोलते, थोडं कडू लागेल.

आईचे गुडघे गेले म्हणून घरात बाई पाहिजे, असं तुम्ही लिहिलं. आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टर पाहा. सूनबाई हा गुडघ्यांवरचा इलाज नाही. आज भाकर कोण टाकतं? आई टाकत असेल, दुखत्या गुडघ्यांनी. उद्यापासून तुम्ही टाका. पोरगी मिळावी म्हणून नव्हे. तुम्ही २९ वर्षांचे धडधाकट आहात आणि ती दुखते आहे, म्हणून. पहिल्या दिवशी आईच म्हणेल, ‘हे बायकाइचं काम, सोड’. तेव्हा तिच्याशी भांडू नका, शेजारी बसून पीठ मळा.

दुसरं, हक्कसोड. तुमच्या पत्रात ते एका ओळीत येऊन गेलं, माझं मन तिथंच अडकून राहिलं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, आणि तो जन्मापासूनचा आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये पक्कं केलं. तुमच्या मोठ्या बहिणीनं सही केली ती खुशीनं, की माहेर तुटेल या धाकानं? तुम्ही कधी विचारलं का? पाच एकरांचे अडीच झाले तर बायोडाटा आणखी हलका होईल, याची मला जाण आहे. तरीही एकदा तिच्या गावी जा आणि तिला एकटीला विचारा. तिनं वाटा मागितला तर वकिलाकडे जाऊन बक्षीसपत्रानं देता येतो. नाही मागितला तरी, विचारणारा भाऊ असणं आणि न विचारणारा असणं यात तिच्यासाठी फार अंतर आहे. ज्या व्यवस्थेनं तुम्हाला अकरा वेळा घायाळ केलं, तिनंच तुम्हाला हा अडीच एकरांचा फायदाही करून दिला. दोन्ही एकाच वहीत लिहिलेलं आहे.

तिसरं, त्या मध्यस्थाला आजच नाही म्हणा. पैसे मोजून आणलेली मुलगी स्वतःच्या मर्जीनं आली का, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. मानवी तस्करीच्या गुन्ह्यात तुमचं नाव येऊ शकतं. ती अठरा वर्षांच्या आतली निघाली, तर २००६च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानं नवरा म्हणून तुम्हीही आरोपी. आणि फसवणूक करून चार दिवसांत दागिने घेऊन निघून गेली, तर कर्ज तुमच्या डोक्यावर. पण हे सगळं टळलं तरीही जिला भाषा येत नाही, जिचं इथं कोणी नाही, जिची किंमत दिली आहे, अशा बाईजवळ तुम्ही ज्या आपलेपणासाठी तळमळता आहात ते मागायचं कसं? ती ‘नाही’ म्हणू शकत नसेल तर तिच्या ‘हो’ला काही अर्थ उरतो का? अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती आपल्या कायद्यात अजूनही बलात्कार ठरत नाही. कायदा धरत नाही म्हणून ती जबरदस्ती नसते असं नाही. हे लग्नाआधी प्रत्येक पोराला कोणीतरी सांगायला हवं, म्हणून मी सांगते.

तुमच्या चुलत बहिणीला फोन करू नका, मेसेज लिहा. लांबलचक नको. ‘मी बोललो ते चूक होतं’ एवढं आधी, आणि मग ‘तू काय म्हणत होतीस ते मला नीट ऐकायचं आहे’. ‘पण तूही सगळ्यांसमोर…’ हे वाक्य लिहू नका, खरं असलं तरी. तिच्या लग्नावरून तुम्ही तिला टोचलं, म्हणजे पारावरच्या माणसांनी तुम्हाला जिथं मारलं, बरोब्बर तिथंच तुम्ही तिला मारलं. तिला लग्न करायचं आहे की नाही, कोणाशी करायचं आहे, हे तिनं तुम्हाला सांगितलेलं नाही आणि तुम्ही विचारूही नका. सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. उत्तर यायला महिना लागला तरी थांबा.

आणि आर्णी. मोठ्यांना आधीच सांगून ठेवा की मुलीशी अर्धा तास एकट्यानं बोलायचं आहे, आणि दार उघडं ठेवून, अंगणात बसून बोलू. आपल्याकडे अजून काही घरी याला नाही म्हणतात. नाही म्हटलं तर एकदा विनंती करा. बोलायला बसलात की पहिला प्रश्न तिला विचारू द्या. ती गप्प राहिली तर तुम्ही स्वतःचं खरं सांगा. पाच एकर आहेत, त्यातली निम्मी कदाचित बहिणीची आहे. कर्ज किती आहे तो आकडा सांगा, लपवू नका. भाकर येते म्हणा, तोवर येत असेल. लग्न झालं तर तलाठ्याकडे अर्ज देऊन सातबाऱ्यावर तुझं नाव सहहिस्सेदार म्हणून लावीन, हे सांगा, पण करणार असाल तरच. मग तिला विचारा की तिला काय करायचं आहे. शिकायचं आहे का, शिलाईचं दुकान टाकायचं आहे का, वावरात यायचं आहे की नाही. ‘आमच्याकडे असं चालत नाही’ हे वाक्य ओठांवर आलं तर गिळून टाका आणि ऐका. हे लग्न तिला स्वतःला हवं आहे का, की घरच्यांनी बसवलं म्हणून बसली आहे, हेही विचारा, हळू आवाजात. ती नको म्हणाली, तर बाहेर येऊन नकार तुम्ही स्वतःच्या नावावर घ्या, म्हणजे घरी तिच्यावर राग निघणार नाही.

कदाचित बाराव्यांदाही होकार येणार नाही. मी काही पोरगी मिळवून द्यायचा तोडगा लिहिलेला नाही, आणि लग्न झालं नाही तर आयुष्य वाया गेलं असंही मला वाटत नाही. एकट्यानं राहणारी, भाऊ-बहिणींच्या लेकरांत, मित्रांत, गावाच्या कामात जीव लावून जगलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत, फक्त त्यांच्याकडे बिचारा म्हणून पाहायची सवय आपल्याला लागली आहे. त्यातल्या एखाद्याजवळ संध्याकाळी जाऊन बसा.

पण ते नंतरचं. आर्णीला पोहे खाऊन झाले की ताटली स्वतः उचलून आत नेऊन ठेवा. आणि नकार आला तर गावात परत आल्यावर त्या मुलीचं नाव कुणाजवळ काढू नका.

तुमची,
ताई